तबकडीची चतुःसीमा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा प्रांत राजनंदिनी मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती नायब तहसीलदार विजयसिंह सरनोबत साहेब, वहिनीसाहेब, आणि राजारामपुरीच्या या सभागृहात जमलेल्या बंधू-भगिनींनो,

आधी माफी मागतो. साहेबांचे आभार मानायला मी तीन वर्षे उशीर केला आणि नेमका ते सेवानिवृत्त होतात त्या दिवशी उभा राहिलो. चौथी शिकलेला माणूस आहे, चुकेन म्हणून कागदावर लिहून आणले आहे. मागे ऐकू येते ना?

मी चन्नाप्पा. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचे गाव. वीस वर्षे गावात कुणाची भिंत पडो, जनावर वाहून जावो, पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही असायची. ती दिसली की कुणी हरकत घेत नसे. माझ्यासारख्याची दुसरी कमाई ती काय?

तीन वर्षांपूर्वी आषाढात, दिवेलागणीला, खिडकीतून मला किल्ल्यावर पांढरी गोल तबकडी तरंगताना दिसली. मोबाईलवर तीन फोटो काढले, गावच्या ग्रुपवर टाकले. दोन दिवसांत ते वर्तमानपत्रात आले आणि कोल्हापुरातून तहसीलला पत्र गेले, चौकशी करून अहवाल पाठवा.

तोवर गावाने निकाल दिला होता. शेजारचा आकाराम चारचौघांत म्हणाला, "आप्पा, तबकडीत जेवाण व्हतं, का रिकामीच आल्ती?" तेही सोसले असते. पण त्याच आठवड्यात गावातल्याच रुद्रेशची भिंत पडली आणि पंच म्हणून मला कुणी बोलावले नाही. घास उतरेना.

साहेब आले ते संध्याकाळी, पावसात, फोटो छापून घेऊन. खिडकीशी खुर्ची टाकून पंचनामा लिहायला बसले.

"आप्पा, पंचनामा म्हटला की चतुःसीमा आली. सांगा."

आभाळातल्या वस्तूच्या चार बाजू कशा सांगायच्या? पण नियम तो नियम. मी सांगितले, उत्तरेस किल्ला, पूर्वेस आकारामचा गोठा, पश्चिमेस ओढा.

"आणि दक्षिणेस?"

"आमचं घर की. मी हितंच हुबा हुतो. पाऊस व्हता, काच लावल्याली."

तेवढ्यात शांतादेवीने, म्हणजे आमच्या मंडळींनी, छताचा गोल दिवा लावला. काचेत, किल्ल्याच्या बरोबर वर, तबकडी हजर.

साहेब म्हणाले, "मावशी, बंद करा." गेली. "लावा." आली.

शांतादेवी म्हणाली, "साहेब, ह्या बटनाचा बी पंचनामा करतासा का?"

साहेब हसले. सरकारला फसवले म्हणून आता गुन्हा दाखल होणार, हेच माझ्या मनात. साहेबांनी विचारले, "आप्पा, खोटं बोललासा का?"

"न्हाय साहेब. दिसलं त्ये सांगितलं."

"मग तसंच लिहितो."

अहवालात त्यांनी लिहिले, फोटोतील वस्तू हे घरातील दिव्याचे काचेवरील प्रतिबिंब आहे. आणि खाली आणखी एक ओळ, फोटो काढणाऱ्याने दिसले तेच सांगितले आहे. ही ओळ वरून कुणी मागितली होती का? नव्हती. मी ती चार वेळा वाचली.

गाव मात्र हसतच राहिले. पुढच्या वर्षी आकारामच्याच गोठ्यावर फणसाचे झाड कोसळले. तो दोन पंच घेऊन तयार होता. साहेब म्हणाले, "चन्नाप्पांना बोलवा."

"साहेब, त्यास्नी तबकड्या दिसत्यात."

"दिसली तर दिसली म्हणतील, न्हाई तर न्हाई म्हणतील. मला तसाच पंच पायजे."

मी गेलो. माझी सही होईपर्यंत साहेबांनी स्वतः कागद धरून ठेवला. आकारामला भरपाईचा कागद मिळाला, आणि तेव्हापासून गावातला पंचनामा माझ्याविना झालेला नाही. आता मी सुखाने जेवतो.

साहेब, तुम्ही राधानगरीला राहायला निघालात. तिकडे पाऊस फार, घाटात दगड येतात, म्हणून जीव खालीवर होतो. अध्यक्षांनी बोलू दिले, आपण ऐकून घेतले, सर्वांचा आभारी आहे. कमीजास्त बोललो असेन तर अडाणी म्हणून सोडून द्या. आणि साहेब, पोचल्याबरोबर दोन शब्द कळवा. मी फोन जवळ घेऊन बसणार आहे.