एक हात माझा, एक तिचा

या, जवळ बसा, दवाखान्याच्या बाकावरची गोष्ट ऐका. शिंपीकाकांच्या घशात कर्करोग. उद्या स्वरयंत्र काढायचं होतं. आवाज गेल्यावर देवाला हाक कशी मारायची, म्हणून काका बायकोजवळ अडून बसलेले. शेजारी त्याच्या बायकोसोबत एक बस कंडक्टर. त्याचं हेच ऑपरेशन झालेलं, आत झडप बसवलेली; गळ्याच्या भोकावर बोट दाबून तो बोलायचा.

काकांनी विचारलं, "भांडता येतं का हो?"

"झकास! एक हात अडकतो, म्हणून हाणामारी तेवढी बंद."

"थट्टा नको. मी रोज मोठ्यानं प्रार्थना म्हणतो."

"मीही म्हणतो की!"

"बोट गळ्यावर, मग हात कसे जोडता?"

"एक माझा, एक हिचा."

काका आपल्या बायकोकडे वळले.

"अगं, हात दे बघू."

"आत्ता सुचलं होय!"

"आणि नर्सबाईंना सांग, उद्या येतो."

दोन्ही हात जोडाल तेव्हा कंडक्टरच्या बायकोची आठवण ठेवा.