आईचा गुडघा आणि कानातले

आईचा गुडघा बदलायचा ठरला, तेव्हा विश्रांतवाडीच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशाची ॲलर्जी?"

"नाही."

"खोटे कानातले चालतात?"

आईला ते लागलं. "अहो, मी गुडघा दाखवायला आलेय."

मग मीच सांगितलं, की खोटे कानातले घातले की तिचे कान चिघळतात.

डॉक्टर म्हणाले, "त्यातलं निकेल बाधत असेल. नेहमीच्या कृत्रिम सांध्यातही ते थोडं असतं. आधी तपासू."

आईच्या पाठीवर चाचणीच्या पट्ट्या लावल्या. काढल्या, तेव्हा निकेलच्या जागी लाल पुरळ होतं. डॉक्टरांनी निकेल नसलेला सांधा मागवून बसवला. आता आई व्यवस्थित चालते.

शेवटच्या तपासणीला ती डॉक्टरांना म्हणाली, "कापायच्या आधी विचारलंत, हे बरं केलंत. नंतर विचारलं असतंत, तर मी काय गुडघा उतरवून ठेवणार होते?"