हिच्या पायाचं निमित्त

—नाही हो, अनवाणी नाहीये ती. लांबून सगळ्यांना तसंच वाटतं. बूट आहेत ते. बसा की, बाक काय माझ्या एकट्याचा नाही. ती पाण्याच्या कडेने पळत्येय ना, करड्या ड्रेसमधली—ती आमची मंडळी, तुळसा. आणि पायात आहेत ते बूट, म्हणजे विकणारा त्याला बूट म्हणतो. तळ बघाल तर तांदळाची भाकरी जाड निघेल. टाच नाही, गादी नाही, काही नाही. पुढे मात्र ऐसपैस, पाचही बोटं पसरून बसतील एवढी जागा. बदकाच्या पायासारखे दिसतात. मी तसं बोलूनही दाखवलं होतं. नको होतं बोलायला.

आमची सानिका पुण्याला असते, लेक आमची, तिने पाठवलेन. ती पळते—तिकडे सगळेच पळतात म्हणे, कुठे जायचं नसलं तरी. तुळसा अंगणवाडीत होती, जमिनीवर ऊठबस करून करून गुडघे कुरकुरायला लागलेले. सानिका म्हणाली, आई, हे आधी घरात घाल, मग खळ्यात—अंगणात हो आमच्या—मग रस्त्यावर, आणि पळायचं तर नावच काढू नकोस. तुळसा कुणाचंही नीट ऐकून घेते, फोन ठेवेपर्यंत. पहिल्याच आठवड्यात इथे, मांडवीला येऊन सबंध किनारा चालून गेली. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की आमच्या दारची पाखाडी उतरताना—पायऱ्या आहेत हो आमच्याकडे, रस्त्यापर्यंत—कुर्लीसारखी आडवी आडवी उतरत होती. मी म्हटलं, परत पाठव ते. तर म्हणाली, ‘‘पोटऱ्या माझ्या आहेत.’’ मी एसटीत कंट्रोलर होतो, तीस-बत्तीस वर्षं लोकांना बोलून गप्प केलं, म्हणून आवाज हा असा. पण घरात त्याचा काही उपयोग होत नाही.

बरं, पोटऱ्या सुटल्या, तर पळायला लागली. सुजला पाय, वरच्या बाजूने. डॉक्टरने फोटो काढला, हाड शाबूत आहे म्हणाला, पण आता बसा. मग बसली. पडवीत बसून पायाच्या बोटांनी रुमाल उचलायची—सानिकाने शिकवलंन, बोटांत जोर यावा म्हणून. मी पेपर वाचतोय आणि समोर बायको पायाने रुमाल उचलत्येय, ठेवत्येय, उचलत्येय. पोस्टमन आला, त्याने बघितलंन, टपाल दिलंन आणि गेला. पण ते बसणं कामी आलं म्हणायला हवं. मग मात्र सांगितलं तसं केलंन—आधी घर, मग खळं, मग रस्ता. पावलं लहान लहान टाकायची, टाच आपटायची नाही, पाय हलकेच ठेवायचा. गुडघे बरे झाले का? अगदी बरे झाले असं नाही म्हणता येत. पण तक्रार बंद झाली. पूर्वी ती घरात शिरली की फडताळातली भांडी वाजायची, एवढं धाडधाड चालणं. आता आवाजच नाही. मांजर परवडलं.

आणि तिथेच पंचाईत झाली. दापोलीला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. भावाच्या मुलाचा, दर्शनचा फोन आला, काका, तुम्ही दोघं यायचंच. मी म्हटलं, यायची फार इच्छा आहे रे, पण हिच्या पायाचं—चार पावलं टाकवत नाहीत बिचारीला. फोन ठेवून वळलो, तर बिचारी दारात उभी. घामाने निथळत्येय. भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलेली. पाणी प्यायलंन, भांडं पालथं घातलंन, आणि मग विचारलंन, ‘‘मला कधीपासून चालवत नाही?’’ मी म्हटलं, सवय झाली तोंडाला. ‘‘मालगुंडला माझ्या भावाची वास्तुशांत झाली, तेव्हाही माझेच पाय का?’’ तेव्हाही तेच सांगितलं होतं. हिला मात्र वेगळंच काही सांगितलं होतं, एवढाच फरक. तिचं माहेर मालगुंड—लहानपणी गावभर अनवाणी हिंडलेली बाई ती, भावाला खरं तरी कसं वाटलं असेल, कोण जाणे.

भांडली नाही. दापोलीला एकटी गेली, एसटीने, हेच बूट घालून, वर पैठणी. वरातीत नाचली. व्हिडिओ आहे माझ्याकडे, दाखवत नाही.

आली ती दुपारची, पिशवी ठेवलीन आणि म्हणाली, ‘‘तुम्हाला कुठे जायचं का नसतं?’’ मी म्हटलं, गर्दी सोसत नाही. एसटीचा कंट्रोलर असं म्हणतो, कोण विश्वास ठेवणार? तिने बराच वेळ बघितलंन माझ्याकडे—तोंडाकडे नाही, पायांकडे. हल्ली ती सगळ्यांचे पायच बघते, कोण टाच आपटतो, कोण फरपटतो. म्हणाली, ‘‘चपला काढा आणि खळ्यात उभे राहा.’’ वैशाखातली दुपार, आमच्या खळ्यात जांभ्याची फरशी. राहिलो उभा. ‘‘गार लागतंय का गरम?’’ मी म्हटलं, ठीक आहे. ती पण अनवाणीच आलेली बाजूला, एक पाय ठेवत होती, दुसरा उचलत होती, आणि मी आपला उभा, रांगेत तिकिटाला उभं राहावं तसा. म्हणाली, ‘‘पुरे, या सावलीत.’’ पायरीवर बसवलंन, पाय मांडीवर घेतलान आणि तळवा उलटा केलान. शिंपल्याचा तुकडा रुतलेला, भोवती पू. कधीचा, देव जाणे. ‘‘हे दुखत नव्हतं?’’ नव्हतं दुखत. काय सांगू? नव्हतंच.

साखर आहे हो मला, ते तिला ठाऊक आहे. पायाचं ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांचं असंच झालं—आधी तळवा कळेनासा झाला, मग जखम झाली ती कळली नाही, मग घोट्याखालचा पाय गेला. म्हणजे मला समजत होतं काय चाललंय ते. समजत होतं म्हणूनच डॉक्टरकडे गेलो नाही—आता हसू नका, माणूस असाच असतो. तिने त्याच दिवशी रिक्षात घालून नेलंन. रिक्षात माझा पाय धरून बसली होती, उशी धरावी तसा. डॉक्टर म्हणाला, थोडक्यात वाचलात. तुकडा काढला, गोळ्या बदलल्या, आणि मला सांगितलंन, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, तुमच्या बायकोसारखे बूट तर स्वप्नातसुद्धा नाहीत. तेव्हा तिला भाकरी आणि मला ही गादी. बघा, केवढे आहेत. रोज सकाळी निघण्याआधी माझे दोन्ही तळवे बघते, आंबा तयार झाला का बघतात तसे, दाबून दाबून. ‘‘कळलं का?’’ विचारते. मी म्हणतो, कळलं. अंगठ्याशी कळतं, टाचेशी नाही. पण ती टाचेशी विचारते तेव्हाही मी—असो. तिला कळतंच ते.

वडिलांसारखं होईल या भीतीने मी कुठे जात नव्हतो असं तिला वाटतं. वाटू दे. खरं म्हणजे कायए, एका साखरपुड्याला गेलो होतो, लांज्याकडे. मांडवात पाहुण्यांशी चांगला उभा राहून बोलत होतो, आणि एक लहान मुलगी आली, माझी चप्पल हातात घेऊन. ‘‘आजोबा, ही तुमची वाटेत पडली होती.’’ वाटेत म्हणजे पार रस्त्यावर. मी तिथून मांडवापर्यंत एका चपलेवर आलेलो आणि मला पत्ता नाही. सगळी माणसं हसली. वाईट हसली नाहीत, आपलं हसतात तशी. मीही हसलो. त्यानंतर मात्र कुणाच्या दारात जायचं म्हटलं की—

हे मी तिलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला कशाला सांगितलं कोण जाणे, तुम्ही बुटांचं विचारलंत.

वळली बघा ती, आता इकडेच येईल. आज मला जेटीपर्यंत चालवणार आहे, जखम भरल्यापासून पहिल्यांदाच. हात धरणार नाही म्हणाली, बाजूने चालेन. तेव्हा तुम्ही आता निघा. राग मानू नका, पण कुणी बघत असलं की माझी पावलं नीट पडत नाहीत. निघा, निघा. आणि तिकडून जा, मागे वळून बघू नका.