खिडकीकडची जागा

समारंभाचे अध्यक्ष शेषेराव आप्पा, एसटी आगाराचे सन्माननीय साहेब, व्यासपीठावरची थोर मंडळी, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले कंडक्टर दगडोबा काका, त्यांच्या शेजारी पहिल्यांदाच इतक्या निवांत बसलेल्या अयोध्या काकू, आणि माझ्या मुरुडकर बंधू-भगिनींनो, या महादेवीचा सर्वांना नमस्कार.

मी अंगणवाडीची बाई. माझे श्रोते खिचडी येईपर्यंतच गप्प बसतात. आज मला जेवणाआधी उभं केलंय, हे संयोजकांचं धाडसच म्हणायचं.

आतापर्यंतच्या वक्त्यांनी काकांच्या प्रामाणिक सेवेचं कौतुक केलं. त्यात खोटं काहीच नाही. पण मी सांगणार आहे ते आगारातल्या साहेबांनाही ठाऊक नसेल. गोष्ट माझ्या घरची आहे आणि ती मालकांना विचारून सांगतेय. "सांग की," म्हणाले, "गावाला काय ठावं न्हाई?"

माझे मालक बजरंगराव विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतात. हाताला गुण आहे. पण त्याच हाताची थरथर सकाळी दारू पोटात गेल्याशिवाय थांबायची नाही. उपाय काय कमी केले? दर्ग्यात दोरा बांधला, चहातून पूड दिली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यायला लावल्या. काही म्हणता काही चाललं नाही. शेवटी लेकीला, पुनमला, काखेत मारून मी माहेरी निघाले, ते काकांच्याच गाडीनं.

"परत कवा येनार, पोरी?"

"आता न्हाई येत, काका."

काका पुढची तिकिटं फाडायला गेले. सगळ्यांची तिकिटं झाल्यावर माघारी येऊन माझ्याजवळ उभे राहिले. "लातूरला दर रविवारी संध्याकाळी एका हॉलात दारू सोडलेले लोक बसत्यात. च्या पित्यात, आपापलं सांगत्यात. फुकट हाय. कोन, कुठला, कुनी विचारत न्हाई. एकदा तिथं धाडून बघ. माहेर काय पळून चाललंय का?"

"तुमाला कसं ठावं?"

"आपल्या गावचे लोक माज्याच गाडीनं जात्यात की. एक म्हनतो, दाताच्या डॉक्टरकडं चाललोय. एक म्हनतो, बँकेत काम हाय. रविवारी कोनची बँक उघडी ऱ्हाती? मी तिकीट देतो अन् गप बसतो."

मी माघारी फिरले आणि मालकांना तिथं धाडलं. आता गंमत ऐका. गावाला कळू नये म्हणून आमचे मालक तोंडाला गमजा बांधून गेले. हॉलात पाऊल ठेवतात तर काय, समोर अर्धी गाडी बसलेली! जो तो मुरुडपासून लपायला आलेला आणि मुरुडच तिथं गोळा झालेलं. एक जण तर एक स्टॉप आधी उतरून चालत आला होता. कोण, ते विचारू नका. तिथलं तिथंच ठेवायचं, असा त्यांचा रिवाज आहे.

पण हॉलाच्या आधी वाटेत फाटा लागतो, आणि फाट्यावर कसलं दुकान आहे ते या सभेला सांगायची गरज नाही. दुसऱ्याच रविवारी मालक फाट्यावर उतरायला उठले. काका दारात आडवे झाले.

"सरका, काका. मळमळायलंय."

"खिडकी हाय की. लातूरचं तिकीट काढलंस, लातूरलाच उतरायचं."

त्या दिवसापासून दर रविवारी काका आपल्या कंडक्टरच्या बाकावर, खिडकीकडच्या जागेवर, स्वतःचा रुमाल टाकून ठेवायचे. ती जागा बजरंगची. का? तिथून उठायचं तर काकांना ओलांडून जावं लागतं! मालक चिडायचे, तोंड फिरवून बसायचे. काका आपले शेंगा सोलून हातावर ठेवायचे. माझं घर त्या बाकावर टिकलं, मंडळी. हे मी कधी बोलले नव्हते, आज बोलते.

म्हणून खरं सांगते, काका, तुमच्या रिटायरमेंटचा पेढा मला गोड लागला नाही. जिवाला घोर लागला. आता फाट्यावर दारात कोण आडवं होणार?

मागच्या रविवारी काका रजेवर होते. मी गुपचूप स्टँडवर गेले आणि रसवंतीच्या आडोशाला उभी राहिले. गाडी लागली. मालकांनी खिडकीतून रुमाल टाकून एक बाक धरला. मला वाटलं, स्वतःसाठीच. पण त्यांच्यामागं एक माणूस होता, तोंडाला गमजा बांधलेला, हात थरथरणारा. मालकांनी त्याला खिडकीकडं बसवलं आणि आपण बाहेरच्या अंगाला बसले, वाटेत पाय आडवा टाकून. मी तिथंच रडले. रसवाल्यानं विचारलं तर म्हणाले, लिंबू डोळ्यात गेलं.

तेव्हा काका, आता बिनघोर घरी बसा. काकू, आजवर गावानं वापरलेला तुमचा माणूस तुम्हाला परत करतोय. थोडा झिजलाय, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. अंगणवाडीच्या सवयीनं कुणाला दटावलं असेल, तर लेक समजून पदरात घ्या. आणि जाता जाता एक विनंती. आज रविवार आहे, गाडीची वेळ झालीय. मागच्या रांगेतली काही माणसं आता जेवायच्या आधीच उठतील. प्रत्येकाला लातुरात वेगळं काम आहे. कुणीही त्यांना काही विचारू नये.