पोकळ संतिणीला निरोप

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर एवारिस्तो, या निरोपाचे यजमान नगराध्यक्ष सेन्योर ओलेगारियो, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि धुकं तुडवत चर्चपर्यंत आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

आज आपण माणसाला नाही, मूर्तीला निरोप देतो आहोत. आपली सांता किटेरिया वर्षभरासाठी लिस्बनच्या प्रदर्शनाला निघाली. सारी खटपट नगराध्यक्षांची, त्यांचं कौतुक.

लिस्बन! समुद्रापलीकडून आपल्यावर राज्य करणारी केवढी सत्ता होती ती. आपल्या डोंगरांतलं सोनं गलबतं भरभरून नेलं. आणि आपल्या पुढाऱ्यांनी, धर्मगुरूंनीसुद्धा (फादर, रागावू नका), राजाचा वाटा चुकवायला लाकडी संत आतून कोरले, पोटात सोनं भरलं आणि राजाच्या जकात नाक्यावरून वाजतगाजत नेलं. शिपाई गुडघे टेकायचे. अर्ध्यांना सगळं ठाऊक असायचं. राजा प्रजेला लुटतो, प्रजा राजाला, आणि साक्षीला देव! असं राज्य बुडवायला शत्रू कशाला हवा? मठाच्या शाळेत आमच्या सिस्टर ग्रासियाना म्हणायच्या, "मुलींनो, सत्ता पडते ती मागाहून. आधी तिचे संत पोकळ होतात."

त्याच सांगायच्या, सोन्यानं जड झालेली मूर्ती नेताना खांदेकरी हसत, गात चालायचे. ओझं कुणाला कळू नये म्हणून. आता मूर्ती रिकामी, कापसासारखी हलकी. तरी मिरवणुकीत आपले खांदेकरी भक्ती दिसावी म्हणून कण्हतात. झेफेरिनो तर असा कण्हतो, की बायका धावत जाऊन त्याला सरबत पाजतात.

आज सकाळी मी पहिल्या बाकावर बसले होते. उदाचा धूर, दारातून आत आलेलं धुकं. डोळा लागला होता की काय, कोण जाणे. त्या पांढुरक्यात मूर्ती तरंगत निघाली, आणि खांदेकरी हसत होते. क्षणभर वाटलं, मी राजाच्या काळात जागी झाले.

"काय रे झेफेरिनो, आज कण्हत नाहीस?"

"आज आई आपणच चालतेय, बाई! फुलासारखी झालीय."

"मग मानेच्या शिरा का रे तटतटल्यात?"

"झोपा तुम्ही, बाई. स्वप्न पडलंय तुम्हाला."

पडलं असेल. या वयात पडतात. त्याच स्वप्नात मी वेदीकडे पाहिलं, तर वरचा चांदीचा दिवा नव्हता. गुलामीतून सुटलेल्या आपल्या पणज्यांनी कानातलं काढून दिलं, त्याचा घडवलेला दिवा. नगराध्यक्ष म्हणाले होते, उजळायला दिलाय. कुणाकडे, ओलेगारियो? गावात चांदीचं काम करणारा एकच, आणि तो दुसऱ्या रांगेत बसून माझ्याइतकाच चकित झालेला दिसतो आहे.

मूर्ती घेऊन जाणारा ट्रक अजून दारात आहे. मूर्तीच्या पाठीला एक फळी आहे, जुन्या काळापासूनची. फादर, अध्यक्ष या नात्यानं ती आपण उघडावी. आत नुसती हवा निघाली, तर माझ्या या तिखट जिभेबद्दल मी याच फरशीवर गुडघे टेकून साऱ्यांची क्षमा मागेन.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. विशेष आभार झेफेरिनोचे. मघापासून तो हसायचा थांबला आहे.