रविवारपर्यंतचा पास

आत जायचा पास कसा मागावा, हेच मनात घोळवत मी इमारतीच्या दाराशी रांगेत होतो. पुढे माझ्याच वयाच्या एक बाई वॉचमनशी बोलत होत्या.

“सुनेनं फोनवर पास पाठवलाय, बाबा. दार उघडेल ना?”

“फोन दाराला टेकवा, उघडेल. पण आजी, हा पाहुण्यांचा पास आहे. रविवारपर्यंतच चालेल.”

“रविवारपर्यंत? अरे, मी घर रिकामं करून आलेय. शिलाई मशीनसुद्धा गाडीत आहे.”

“पास पाठवताना यादीत ‘पाहुणे’ सगळ्यात वर असतं. घाईत बोट तिथेच पडतं सगळ्यांचं. सूनबाईंना फोन लावतो.”

“नको रे. आणि चूक नसली तर?”

“लागलासुद्धा. मॅडम, सासूबाई खाली आल्यात. पास रविवारपर्यंतचाच दिलाय तुम्ही.”

“अगंबाई! त्यांना सांगू नका हं, आत्ता बदलते.”

“स्पीकरवर आहे, मॅडम. ऐकतायत त्या.”

“आई, अहो, माझा धांदरटपणा माहितेय ना तुम्हाला? मशीनसाठी खिडकीतली जागा कालच रिकामी केलीय. या वर.”

“बघा आजी, पासवरून रविवारची तारीखच गेली.”

“गेली? खरंच की. ओ ड्रायव्हरदादा, उतरवा ते मशीन! जपून हं, माझ्या लग्नाआधीचं आहे.”