बाबा किती लिटर?

...नाही, पण मी म्हणतो, सुट्टीच्या दिवशी माणसाने स्वतःच्या घरात आंघोळ करायची की नाही? बादलीत बघतो तर तळाला चमचा! वर वाटी तरंगतेय, आणि वाटीत माझ्या स्कूटरच्या किल्ल्या, सहलीला निघाल्यासारख्या! "बाबा, हात नका लावू, प्रयोग चालू आहे!" सातवीतली मुलगी माझी. चमचाही स्टीलचा, वाटीही स्टीलची, मग हा बुडतो नि ती तरंगते, का? "वाटी जास्त पाणी बाजूला सारते ना, म्हणून पाणी तिला वर उचलतं." उचलतं तर उचलतं, बाई! मोसंबं सालीसकट तरंगतं, सोललं की बुडतं, तेही पाहिलं. आजीची कवळी बुडते हे तर आजीला न विचारताच पाहिलं! ती बिचारी बोळक्या तोंडाने ओरडतेय, कुणाला काही कळत नाहीये... मी म्हटलं, अरे, बुडतंय ते बुडू द्या, तरंगतंय ते तरंगू द्या, मला आंघोळ करू द्या!

बरं, आमच्याकडे पाणी हा नाजूक विषय. खाली घरमालक राहतात, त्यांचं छत गळतं. ते म्हणतात, तुम्ही सांडता. मी म्हणतो, घर जुनं आहे, गळायचंच. दोन महिने हेच चाललंय! परवा जिन्यात गाठलं मला, "आता एक थेंब जरी माझ्या डोक्यावर पडला ना, तर त्याच दिवशी सामान बांधायचं!" आता मुलीची शाळा समोर, बायकोचं शिलाईचं दुकान कोपऱ्यावर... जायचं कुठे हो?

आणि तुम्हाला सांगतो, अशात ही कार्टी म्हणते, "बाबा, तुम्ही पिंपात बसा." का? "तुम्ही किती पाणी बाहेर काढता ते मोजायचंय." मी म्हटलं, वेड लागलंय? खाली मालक छताकडे बघत बसलेत! "एक थेंब जाणार नाही, बाबा. पिंप टबात ठेवलंय, टबात सत्तर लिटर मावतं. माणसाचं जेवढे किलो वजन, साधारण तेवढे लिटर पाणी बाहेर येतं. तुमचं वजन किती?"

आता बायको दारात उभी. मी छाती पुढे काढून म्हटलं, पासष्ट.

बसलो. खरं सांगू? बरं वाटलं हो! अंग कसं हलकं झालं, गुडघ्यांची कुरकुर बंद, पाणी खालून असं अलगद उचलतंय... आणि बाहेर पिंप वाहतंय. टब भरत आला. भरला. पाणी काही थांबेना! बायको म्हणते, "अहो, पासष्ट कुठल्या सालचं सांगितलंत?" मुलगी किंचाळते, "बाबा, अजून येतंय!" येणारच! मी अजून संपलोच नव्हतो ना! मी ओरडलो, बुडतंय ते बुडू द्या, आधी मला बाहेर काढा!

तोवर जिन्यात धाडधाड पावलं. दारात मालक. टक्कल ओलं, डोळे लाल! "हे कसलं पाणी?"

आमचं रत्न शांतपणे म्हणतं, "काका, ते बाबांनी लपवलेलं वजन आहे."

झालं! मी मनातल्या मनात कपाटं आवरायला घेतली. पण मालक एकदा पिंपाकडे बघतात, एकदा माझ्याकडे... मग हळूच, "म्हणजे काट्यावर न चढता कळतं?" डॉक्टरांनी वजन करून या म्हटलेलं, आणि हे सहा महिने काट्याला घाबरून टाळत होते! "आमचं काय, असेल अडुसष्ट..."

मुलीने टब उपसला, पिंप काठोकाठ भरलं. मी टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात कुडकुडत उभा, आणि पिंपात कोण? घरमालक! टब भरला. अडुसष्ट केव्हाच मागे पडलं. पाणी मोरीतून बाहेर, पॅसेजमध्ये, आजीच्या खाटेखाली! मी म्हटलं, अहो, बुडतंय ते बुडू द्या, पण तुमचंच छत आहे ते!

तेवढ्यात खालून मालकीणबाई, "अहोऽऽ! छत गळतंय! धो धो!"

आणि मालक, गळ्यापर्यंत पिंपात, डोळे मिटून, अगदी सुखात... काय म्हणाले असतील? "गळू दे गं! घर जुनं आहे, गळायचंच!"

दोन महिने मी घसा फोडून दुसरं काय सांगत होतो हो?